ताई, राख टाकू का?

खड्ड्याच्या तळातून, खणायला आलेल्या गावातल्या मामांनी घमेलं वर दिलं आणि विचारलं, "ताई, राख टाकू का?"

मी मान वर न करताच म्हणाले, "टाका."

तेव्हा मी पंचविशीचीही नव्हते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून एका विद्यापीठाच्या प्रकल्पात नुकतीच लागले होते. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर पाच विभागांची नावं होती: पुरातत्त्व, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र, मानवशास्त्र आणि संख्याशास्त्र. त्याखाली पाच सह्या. नदीकाठच्या एका जुन्या टेकाडावर उत्खनन चाललं होतं. माझं काम जळून कोळसा झालेल्या बिया शोधायचं. तीनेक हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं काय पिकवत होती, काय खात होती, ते मला सांगायचं होतं. त्या थरातल्या मातीच्या माझ्या दोन पिशव्या भरून झाल्या होत्या, चिठ्ठ्या बांधून झाल्या होत्या. उरलेली राख मला नको होती. दोन घमेली ढिगाऱ्यावर गेली.

तिसरं भरत असताना भूशास्त्राचे सर मागून आले. खाली वाकून त्यांनी चिमूटभर राख बोटांत चोळली आणि म्हणाले, "थांबा. हे नका टाकू. भिंतीतला हा पट्टा तर अजिबात हलवू नका."

खड्ड्यातून मामांचा आवाज आला, "शेणाची राख हाय ती, सर. लाकडाची न्हाय."

सरांनी मान हलवली. मी ते ऐकलं. माझ्या हातात वही होती, पेन होतं, आणि मी ते लिहून घेतलं नाही. गावातल्या एका माणसाचं म्हणणं आपल्या नोंदवहीत कुठल्या रकान्यात बसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही.

आपल्या भाषेत शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. 'काळी-पांढरी' हा जोडशब्द आपण सहज वापरतो, पण पांढरी पांढरी का, याचा विचार मी त्या उन्हाळ्यापर्यंत केला नव्हता. पिढ्यान् पिढ्या चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा लिंपल्या, चुना पडला, शेण पडलं, राख पडली. त्या सगळ्याचा थरावर थर चढत गेला आणि काळ्या रानात एक फिकट उंचवटा तयार झाला. गाव उठून गेलं तरी रंग राहिला. आजही पुरातत्त्वाची माणसं नव्या तालुक्यात गेली की पारावर बसून पहिला प्रश्न विचारतात, "इथं पांढरीचं टेकाड कुठं आहे?" बहुतेक वेळा कुणीतरी लगेच हात करून दिशा दाखवतं. म्हणजे राख हा गावाचा पुरावा आहे, हे भाषेला ठाऊक होतं.

बिया शोधायची रीत सोपी आहे, पण तिला घाई चालत नाही. माती आधी सावलीत वाळवायची. उन्हात तापवली तर आधीच ठिसूळ झालेला दाणा फुटतो. मग बादलीत पाणी घेऊन त्यात माती हलक्या हातानं सोडायची, तळापासून एकदा ढवळायची आणि थांबायचं. माती खाली बसते. वर येतात काळे ठिपके: कोळशाचे कण, काड्या, मुळ्या आणि नशीब असेल तर दाणे. ते पाणी मलमलच्या फडक्यातून ओतायचं, पुरचुंडी बांधायची, चिठ्ठी लावायची आणि दोरीवर वाळत घालायची. संध्याकाळी आमच्या तंबूमागं अशा पुरचुंड्यांची रांग लागलेली असे. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली एक एक ठिपका चिमट्यानं बाजूला काढताना सातूचा दाणा ओळखू येतो तो त्याच्या पोटावरच्या खाचेवरून. हुलगा ओळखू येतो त्याच्या वाकड्या कडेवरून. ओळख पक्की करायला आजचे दाणे हवेत, म्हणून मी आठवडी बाजारातून मूठ मूठ कडधान्यं आणली आणि पत्र्याच्या डब्यात वाळूत पुरून भट्टीवर जाळून पाहिली. दाणा जळताना फुगतो, आखूड होतो, त्याची साल सुटते. ताज्या दाण्याचं माप जळक्या दाण्याला लावलं तर चूक होते, हे असं हातानं करून पाहिल्याशिवाय मनात ठसत नाही.

सरांना दुसऱ्या दिवशी शहरात परतायचं होतं. जाताना त्यांनी मला सांगितलं, "भिंतीतला तो राखेचा पट्टा विटेसारखा अखंड कापून घ्या. कागदात आणि टेपमध्ये घट्ट गुंडाळा. आणि वरच्या बाजूला बाण काढायला विसरू नका."

मी वीट नीट कापली. घट्ट गुंडाळली. चिठ्ठीवर खड्डा, थर, खोली, तारीख सगळं लिहिलं. बाण काढायला विसरले. माझ्या विषयात माती पिशवीत भरली की तिला वर-खाली राहत नाही. त्यामुळे तो बाण माझ्या हाताला सुचलाच नाही.

त्या विटेत राळ भरून ती दगडासारखी घट्ट करायला आठवडे लागले. मग तिचा काप काढून, घासून घासून मिलिमीटरचा तिसावा हिस्साही जाड राहणार नाही इतका पातळ केला आणि काचेवर चिकटवला. सरांनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. काळ्या पार्श्वभूमीवर शेकडो बारीक गोल चमकत होते आणि प्रत्येक गोलावर काळी फुली होती. "हे चुन्याचे गोळे आहेत," सर म्हणाले. "रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात तयार होतात आणि शेणातून बाहेर पडतात. ही शेणाची राख आहे."

मामांनी हे खड्ड्यातून सांगितलं होतं. त्याला सहा महिने झाले होते.

माझ्यासाठी खरा धक्का पुढे होता. त्या थरातून मला दाण्यांबरोबर गवताच्या आणि तणांच्या बिया भरपूर मिळाल्या होत्या आणि अहवालाच्या कच्च्या मसुद्यात मी लिहून बसले होते की अवघड दिवसांत माणसं रानातलं बी गोळा करून खात असावीत. राख शेणाची असेल तर त्या बिया माणसाच्या ताटातून आल्या असं कशावरून म्हणायचं? त्या जनावराच्या पोटातून आल्या असतील. जनावर माळावर चरलं, बी शेणातून बाहेर पडलं, शेण जळलं, बी कोळसा होऊन राहिलं. मी माणसाचं जेवण म्हणून मोजत होते तो चारा होता. जी राख मी दोन घमेली ढिगाऱ्यावर घालवली, तीच माझ्या प्रश्नाचं उत्तर बदलणारी होती.

तेव्हापासून बहुविद्याशाखीय हा लांबलचक शब्द कुणी उच्चारला की मला ते घमेलं दिसतं. माझ्या दृष्टीनं त्या शब्दाचा अर्थ एवढाच उरला आहे: मला ज्याचा उपयोग नाही ते कुणाच्या उपयोगाचं असेल, हे टाकायच्या आधी विचारायचं.

ही गोष्ट महाराष्ट्रात कुणी मोठ्या प्रमाणावर आणि वर्षानुवर्षं करून दाखवली असेल तर ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं. १८२१ साली संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९३४ साली सरकारनं बंद केली. माजी विद्यार्थी झगडले आणि १९३९ साली ती पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. त्याच वर्षी तिथं दोन माणसं रुजू झाली: पुरातत्त्वाचे ह. धी. सांकलिया आणि समाजशास्त्र-मानवशास्त्राच्या इरावती कर्वे. त्यांची दालनं एका आवारात होती, पण केवळ तेवढ्यानं माणसं एकत्र काम करत नाहीत. १९४४ मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणजला सांकलियांना बारीक दगडी हत्यारांच्या थरात माणसांचे सांगाडे मिळाले आणि हत्यारांचा अभ्यासक आणि हाडांची अभ्यासक एका खड्ड्याच्या काठावर बसले. १९४९ साली त्या शोधावरचा निबंध दोघांच्या नावानं प्रसिद्ध झाला.

नेवाशाची एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. प्रवरेकाठच्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी मोजून, चित्र काढून, पेटीत ठेवून काम संपलं असतं. पण मण्यांच्या भोकात धाग्याचा अंश उरला होता. तांब्याचा गंज त्या धाग्यात मुरला होता, म्हणून तो कुजला नव्हता. तो तपासायला गेला मुंबईच्या कापूस तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या ए. एन. गुलाटींकडे. ज्यांचं रोजचं काम कापसाच्या तंतूची प्रत ठरवण्याचं, त्यांनी सांगितलं की यात रेशीम आहे. १९६१ साली डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या तांत्रिक अहवालात गुलाटींचं हे काम आहे. त्याच अहवालात जनावरांच्या हाडांवर ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांनी आणि वनस्पतींवर लखनौच्या विष्णु-मित्रे यांनी लिहिलं आहे. नेवाशाच्या मातीतल्या एका लेकराच्या गळ्यातला दोरा, मुंबईचा कापूसतज्ज्ञ, लखनौचा वनस्पतितज्ज्ञ. मणी घासून लख्ख करायचा मोह ज्या कुणी आवरला, त्याचं नाव त्यात नाही. मला त्याची फार आठवण येते.

या सगळ्याचं मोठं रूप म्हणजे इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, पुण्याच्या पूर्वेला नव्वदेक किलोमीटरवर. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली तिथं हंगामामागून हंगाम उत्खनन चाललं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव मातीखालून वर आलं: सव्वाशेहून अधिक घरं, कुंभाराचं घर, पाच खोल्यांचं एक मोठं घर, त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवून पुरलेला माणूस, शेताला पाणी नेणारा पाट. मातीच्या झाकणबंद डब्यात ठेवलेली बिनशिराची देवी आणि तिचा बैल. आणि घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवलेली लेकरं. अशी दोनशेहून अधिक लहान मुलांची दफनं तिथं सापडली.

हे सगळं एका विषयाच्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं आणि ढवळीकरांनी तसा आवही आणला नाही. मातीचे आणि नदीचे थर शरद राजगुरूंनी वाचले. दाणे एम. डी. काजळे यांनी पाण्यातून वर काढले: सातू, गहू, डाळी, वाटाणे, थोडा तांदूळ, बोरांच्या आठळ्या. पी. के. थॉमस यांनी हाडं लावली: गाय-बैल, म्हैस, शेळी-मेंढी, कुत्रा, सांबर, चितळ, काळवीट, ससा, मुंगूस, कासव, खेकडा, मासे. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी माणसांच्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास केला. १९८८ साली उत्खननाचा अहवाल दोन जाडजूड भागांत आला. मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा प्रकरणं वेगवेगळ्या हातांची आहेत हे लगेच कळलं. एकाची वाक्यं लांब, एकाची तक्त्यांनी भरलेली. पण दाण्याच्या प्रकरणातला थर क्रमांक हाडांच्या प्रकरणातल्या थर क्रमांकाशी जुळतो. पंधरा वर्षं अनेक हातांनी चिठ्ठ्या सारख्याच पद्धतीनं लिहिल्या, तेव्हा कुठं हे होतं. मला त्या अहवालातली सर्वात मोठी गोष्ट तीच वाटते.

दातांबद्दल थोडं सांगायला हवं. दात घडत असताना मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं तर त्याच्या दाताच्या कवचावर खळगा किंवा रेष राहते आणि ती पुढे कधी बुजत नाही. दुधाचे दात तर आईच्या पोटात असल्यापासूनच घडू लागतात. म्हणजे दोन मडक्यांत पुरलेल्या त्या लेकराचा इवलासा दात त्याच्या आईच्या गरोदरपणातल्या हालांचीही साक्ष देतो. मी अशा दाताचा फोटो अहवालात पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती आणि तिचा पहिला दात हिरडीतून डोकावत होता. मी पुस्तक मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं.

इनामगावच्या शेवटच्या काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, शिकार वाढली. पाऊस कमी झाला, हवा कोरडी झाली, म्हणून माणसं खालावली, अशी सांगड त्या वेळी घातली गेली. दाणे, हाडं, माती, सगळ्यांचा रोख तिकडेच दिसत होता. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्याच लेकरांच्या हाडांवर नव्यानं काम केलं आणि २०११ साली त्यांचं पुस्तक आलं. मुलांची वाढ खुंटली होती, हे त्यांच्याही कामातून दिसतं. पण सगळा दोष हवामानावर टाकणारी सरळ रेष त्यांना मान्य नाही. माणसांनी काय निवडलं, कसं निभावलं, याचा गुंता त्या पुढे आणतात. हाडं जपून ठेवली होती म्हणून हे शक्य झालं. १९७० च्या दशकात ज्यांनी ती पेटीत भरली त्यांना हा प्रश्न पडणार असल्याचं ठाऊक नव्हतं.

वेगवेगळे विषय एकत्र आले की उत्तर एकच येतं, असा एक समज आहे. माझा अनुभव तसा नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी नावाचं गाव आहे. तिथं नदीच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका पट्टा आहे आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळतात. राखेचं वय कळलं तर हत्यारांचंही कळेल, म्हणून भूशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ सगळे तिच्यामागं लागले. पोटॅशियम-आरगॉन पद्धतीनं वय आलं सुमारे १४ लाख वर्षं. आरगॉन-आरगॉननं आलं ६ लाख ७० हजार. राखेतल्या काचेची रासायनिक ठेवण पाहणाऱ्यांनी सांगितलं की ही सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. नदीकाठचा एकच पट्टा, आणि इतक्या दूरदूरची तीन वयं! यातली कुणीही माणसं बेफिकीर नव्हती. राख पुन्हा वाहून येऊन बसली का, तिच्यात जुने कण मिसळले का, हत्यारं राखेच्या वर की खाली, असे प्रश्न त्यातून निघाले. वाद चालू राहिला तर माणसं पुन्हा नदीकाठी जातात. मला ते बरं वाटतं.

आमच्या प्रकल्पात वाद झाला तो मात्र एका शब्दावरून. दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, "तुमचे नमुने किती?" मी म्हणाले, "एकशे बारा." भूशास्त्राचे सर म्हणाले, "नऊ." पुरातत्त्वाचे प्राध्यापक म्हणाले, "एकच, ही एक वसाहत." मॅडम बराच वेळ गप्प राहिल्या. मग फळ्याकडे गेल्या आणि 'नमुना' हा शब्द लिहून प्रत्येकाला आपापला अर्थ सांगायला लावला. माझ्यासाठी नमुना म्हणजे एक पिशवी माती. सरांसाठी नमुना म्हणजे दिशा कळणारी, अखंड कापलेली वीट. मॅडमसाठी नमुना म्हणजे सगळ्या पिशव्या मिळून होणारा एक संच, आणि माझ्या एकशे बारा पिशव्यांपैकी चाळीस एकाच चुलीतल्या असतील तर त्या चाळीस वेगळ्या साक्षी म्हणून मोजता येणार नाहीत. त्या दुपारी आम्ही दुसरं काहीच केलं नाही. पुढचा शब्द 'तारीख' निघाला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. कार्बन पद्धतीनं आलेल्या तारखेपुढचं अधिक-उणे पुरातत्त्वाच्या माणसाला अडचण वाटतं आणि मॅडमच्या लेखी तीच खरी माहिती असते. तीन वर्षांत माझ्या समजुतीत सर्वात मोठी भर कुठं पडली असेल तर त्या फळ्यासमोर.

अशी दुपार प्रकल्पाच्या हिशेबात कुठंही दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय हा शब्द पानोपानी आहे, आणि असावाच. पण प्राध्यापकाच्या बढतीसाठी शोधनिबंधांचे गुण मोजायची विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची रीत बघा. दोघांनी मिळून निबंध लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. पाच विभागांच्या निबंधात एक जण मुख्य, चौघं तीस टक्क्यांचे. आठ महिने सूक्ष्मदर्शकाखाली दाणे निवडणाऱ्या मुलीला मी कोणत्या तोंडानं सांगू की तू एकटीनं एक छोटा निबंध लिहिला असतास तर तुझं जास्त भलं झालं असतं? माझ्या एका मुलाखतीत समितीतल्या एका सद्गृहस्थांनी पाच नावांचा निबंध समोर धरून मला विचारलं होतं, "यात तुमचं काम नेमकं कोणतं?" मी दाण्यांचा तक्ता दाखवला. शेणाच्या राखेमुळे त्या तक्त्याखालचा निष्कर्ष कसा उलटला, हे सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी पुढचा कागद उचलला. ज्या जागी दोन विषय एकमेकांना भिडले तिथंच माझं खरं काम होतं, आणि त्यासाठी अर्जात रकाना नव्हता. याचा राग मला आजही येतो. माझ्यापेक्षा जास्त माझ्या विद्यार्थ्यांसाठी येतो.

तरीही आता माझ्या प्रयोगशाळेत काही गोष्टी मी सोडत नाही. प्रत्येक थरातली निम्मी माती पाण्यात न घालता तशीच ठेवायची. खापरांची एक पिशवी न धुता ठेवायची, कारण मडक्यात मुरलेल्या तेला-तुपाचा, चरबीचा माग काढणाऱ्या रसायनशास्त्राच्या मुलांना ब्रशनं घासून लख्ख केलेलं खापर नको असतं. आणि नोंदवहीत एक रकाना मी स्वतः आखून घेतला आहे: कोण काय म्हणालं.

मागच्या माघात त्या गावी गेले होते. टेकाड आहे तसंच आहे. खड्डे तेव्हाच बुजवले होते, वर आता गवत आहे. मामा थकलेत, पण डोळे शाबूत आहेत. ओट्यावर बसून मी त्यांना मोबाईलवर तो जुना फोटो दाखवला: काळ्यावर चमकणारे गोल, त्यांवरच्या फुल्या. "तुम्ही म्हणाला होतात ना, शेणाची राख. ही बघा. आणि तेव्हा मी ती टाकायला सांगितली होती."

त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला. "ह्ये मला काय कळायचं न्हाय," म्हणाले. "पर राख लई मऊ हुती. गाईच्या शेणीची येवढी मऊ येत न्हाई. लेंड्यांची आसंल. शेळ्या-मेंढ्यांच्या."

मी म्हणाले, "चुलीत लेंड्या जाळायचे?"

"चूल कुठली? वाडा आसंल त्यो. गोचिडं झाली का लेंड्या वाड्यातच पेटवून द्यायच्या. खालची वल्ली ऱ्हाती, वरची जळती."

मी दुसरा फोटो काढला. त्याच विटेचा काप, मोठा करून. एका बाजूला गडद, चपटे, दबलेले पापुद्रे, न जळलेले. दुसऱ्या बाजूला फिकट राख. खालची बाजू गडद असेल तर मामांचं म्हणणं खरं: तो शेळ्या-मेंढ्या कोंडायचा वाडा होता, जागच्या जागी पेटवलेला. वरची बाजू गडद असेल तर राख दुसरीकडून आणून टाकली आणि तिच्यावर नंतर काहीतरी साचलं. आम्ही चूल धरून सगळा निबंध लिहिला होता. कोणती बाजू वर, ते सांगणारा बाण मी काढला नव्हता.

मी वही काढली. त्यांचं पूर्ण नाव विचारलं, वडिलांच्या नावासकट लिहिलं, तारीख घातली, आणि ते बोलले ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. मग विचारलं, "मामा, पुन्हा परवानगी मिळाली आणि तो खड्डा उघडला, तर ती भिंत सापडेल?"

ते ओट्यावरून उठले, काठी घेतली आणि टेकाडाच्या दिशेनं चालू लागले. "सापडंल की. बाभळीपास्नं अकरा पावलं, नदीकडं त्वांड करून."

मी त्यांच्या मागून पावलं मोजत निघाले.